दिवे, दारूकाम आणि बळीराजा



दसरा होऊन गेला. मावळात नि कोकणात भाताची कापणी चालू आहे, मराठवाड्यात सोयाबीनची मळणी उरकत आली आहे, वऱ्हाडात कपाशीची पहिली वेचणी घरी येऊ लागली आहे. दिवाळी जवळ आली हे शेतकऱ्याला पंचांग न उघडताही कळते. पोरांना मात्र ते दुसऱ्याच खुणेने कळते. तालुक्याच्या गावी फटाक्यांचे मांडव पडले की त्यांची दिवाळी आली! या दोन खुणांमध्ये जे अंतर पडले आहे, त्याविषयी आज चार गोष्टी सांगाव्या म्हणतो. शाळाशाळांतून जे गुरुजी आणि बाई हे ऐकत असतील, त्यांना त्या विशेष उपयोगी पडतील असे वाटते, कारण सुट्टी लागण्याआधी वर्गात हा विषय निघतोच निघतो.

विषय निघाला की दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, फटाके ही आमची पुरातन रीत आहे, तिला हात लावाल तर खबरदार. दुसरा म्हणतो, फटाके बंद करा, हवा वाचवा. दोघेही तावातावाने बोलतात, आणि मौज अशी की एका बाबतीत दोघांचे अगदी एकमत असते. फटाके काढले तर दिवाळीत मागे फारसे काही उरत नाही, असे दोघेही धरून चालतात. हे खरे आहे का, ते आपण जरा मागे जाऊन पाहू.

सुमारे हजार वर्षांपूर्वी अल्बेरुणी नावाचा एक मोठा विद्वान गझनीच्या महमूदाच्या काळात आपल्या देशात आला. तो संस्कृत शिकला, इथल्या पंडितांना विचारून विचारून त्याने माहिती गोळा केली, आणि इसवी सन १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने आपल्या सणांची यादी दिली आहे आणि तीत दिवाळी आहे. तो काय सांगतो? लोक स्नान करतात, चांगली वस्त्रे नेसतात, एकमेकांना विड्याची पाने आणि सुपाऱ्या देतात, देवळात जाऊन दानधर्म करतात, आणि रात्री जागोजागी इतके दिवे लावतात की हवा अगदी स्वच्छ होऊन जाते. हवा स्वच्छ होते, हे त्याचे म्हणणे लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे. आणि सणाचे कारण काय? तर विरोचनाचा पुत्र बळी हा पाताळात बंदिवान आहे, लक्ष्मी त्याला वर्षातून या एका दिवशी सोडते, आणि तो पृथ्वीवर येतो. म्हणून या सणाला बलिराज्य म्हणतात, असे अल्बेरुणीने लिहून ठेवले आहे.

या वर्णनात दारूकाम कुठेही नाही. ते असणार तरी कसे? बंदुकीची दारू निघाली चीनमध्ये, आणि आपल्याकडे तिचा वापर रुळला तो त्यानंतर बऱ्याच काळाने.

आता, खरे ते सगळेच सांगितले पाहिजे. आवाज आणि आग यांचे दिवाळीला पूर्वी वावडे होते असे मुळीच नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री उशिरा सुपे आणि डमरू वाजवून बायकांनी अलक्ष्मीला घराबाहेर हाकलावे, असे धर्मशास्त्रात सांगितले आहे. आपल्याकडे त्या दिवशी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतात, ते त्याच घराण्यातले. पितरांना वाट दिसावी म्हणून हाती पेटते पलिते धरावेत, हेही सांगितले आहे. म्हणजे फटाक्याला बसायला पाट आधीच मांडलेला होता, एवढे त्या पहिल्या पक्षाला मान्य केले पाहिजे. पण सूप वाजवण्यात पै खर्च नाही, आणि सूप वाजल्याने कुणाचा हात भाजत नाही.

मग हे दारूकाम आले कुठून? पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी यावर कसून शोध केला होता आणि १९५३ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी जमवलेल्या पुराव्यांवरून असे दिसते की दारूकाम आपल्याकडे आले ते राजवाड्याच्या दरवाजाने. १४४३ साली इराणचा वकील अब्दुर रझाक विजयनगरच्या दरबारी होता, त्याने महानवमीच्या उत्सवात नाना तऱ्हेचे दारूकाम पाहिले. एकनाथ महाराजांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त, म्हणजे सोळाव्या शतकात, दारूकाम आहे, पण ते लग्नात, आणि तेही देवाच्या लग्नात. राजे, सरदार, मोठी लग्ने, अशी त्याची सोयरीक.

आणि पेशव्यांच्या बखरीतली एक गोष्ट तर मुलांना जरूर सांगावी अशी आहे. महादजी शिंदे उत्तरेतून पुण्याला आले तेव्हा त्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवले. तिथे चार दिवस लाखो दिवे लागतात. तिथला राजा गावाबाहेर दारूची लंका करवतो, मध्ये रावण, भोवती राक्षस नि वानर, आणि दारूने भरलेला मोठा मारुती. मारुतीच्या शेपटीला बत्ती दिली की तो आकाशात उडतो आणि लंका पेटवतो! पेशवे तेव्हा वयाने लहानच. त्यांनी ऐकले आणि हुकूम दिला, आपल्याकडेही असे करा. मग पर्वतीच्या पायथ्याशी ती लंका उभी राहिली आणि पुणेकरांनी ती डोळे भरून पाहिली.

या गोष्टीत तीन बारकावे आहेत. एक, लंका गावाबाहेर. कोट्याची गावाबाहेर आणि पुण्याची पर्वतीखाली. दोन, बत्ती देणारा माहीतगार माणूस, पोरेटोरे नव्हेत. आणि तीन, खर्च एकाचा नि पाहणारे हजार. गरिबाच्या पोरालाही तो मारुती तेवढाच दिसला, जेवढा सरदाराच्या पोराला. दारूकाम ही पाहायची गोष्ट होती, जशी कुस्ती किंवा तमाशा. आपल्या यात्रेत शोभेची दारू उडते तिचा रिवाज हाच आहे. (‘शोभेची’ हा शब्द जाताजाता ध्यानात घ्यावा, नाहीतर यात्रेतल्या दारूबद्दल भलताच गैरसमज व्हायचा.)

ती पाहायची गोष्ट प्रत्येकाने आपापल्या दारात पेटवायची कधी झाली? त्याची कहाणी दूर दक्षिणेत आहे. तामिळनाडूत शिवकाशी म्हणून गाव आहे. पाऊस कमी, जमीन रखरखीत, पीक बेभरवशाचे. १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथले अय्या नाडर आणि षण्मुग नाडर कलकत्त्याला जाऊन आगपेट्या करण्याची विद्या शिकून आले. आगपेट्यांतून रंगीत काड्या, त्यातून पुढे फटाके. दुसरे महायुद्ध लागले, परदेशी माल यायचा थांबला, आणि शिवकाशीचा धंदा वाढत गेला. जी कोरडी हवा पिकाच्या मुळावर येते, तीच दारू वाळवायला सोयीची. आज देशातल्या फटाक्यांचा फार मोठा भाग त्या एका टापूत होतो. हे काम करणारी माणसे कोण? तुमच्याआमच्यासारखीच, ज्यांच्या रानात पिकले नाही ती. पूर्वी त्यात लहान पोरेही फार होती. १९८६ च्या कायद्याने आगपेट्या आणि फटाके यांच्या कामावर मुले ठेवायला बंदी झाली, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक आदेश दिले, पण मोठ्यांच्या जिवाचा धोका टळला नाही. ५ सप्टेंबर २०१२ रोजी शिवकाशीजवळच्या एका कारखान्यात स्फोट होऊन जवळजवळ चाळीस माणसे दगावली. दिवाळीच्या मालाचीच ती घाई होती.

कारखान्यातून माल निघाला, खोक्यांत भरला, गावोगावच्या बाजारात पोचला, आणि दिवाळीला एक नवा अर्थ चिकटला. पणती घ्या. श्रीमंताची पणती नि गरिबाची पणती यांत फरक तो किती? दोन्ही मातीच्या, दोन्हींत बोटभर तेल, आणि लांबून पाहिले तर दोन्ही सारख्याच दिसतात. फटाक्याचे तसे नाही. फटाका किंमत सांगतो. कुणाच्या दारात हजाराची माळ लागली आणि कुणाच्या दारात लवंगीची पुडी सोडून एकेक करून वाजली, हे साऱ्या आळीला ऐकू येते. पोरांना तर ते आधी ऐकू येते. ज्या वर्षी सोयाबीनला भाव मिळत नाही, त्या वर्षी फराळाला काटकसर केली तर ती घरातल्या घरात राहते, पण फटाक्याला केली तर ती चव्हाट्यावर येते. कित्येक बाप उसनवार करून पोराच्या हाती पिशवी देतात ती याच कारणाने. त्यांना आपण अडाणी म्हणून मोकळे होतो, ते मला बरोबर वाटत नाही. त्यांची अडचण खरी आहे.

आणि ज्याला उसनेही मिळत नाही, त्याचे पोर काय करते, ते गुरुजींनी पाहिले असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे ते मोठ्या घरांच्या अंगणापुढे कागदाच्या कपट्यांतून न उडालेले फटाके वेचते. फुसके निघालेले, अर्धी वात जळालेले. मग दोघे-तिघे मिळून ते सोलतात, दारू कागदावर काढतात आणि तिला काडी लावतात. भडका होतो तो थेट तोंडावर. डोळा जातो, बोटे जातात. सुट्टी संपून शाळा भरली की हाताला चिंधी बांधलेला एखादा मुलगा वर्गात असतोच, आणि तो बहुधा फटाके विकत घेणाऱ्यांपैकी नसतो.

म्हणून हे एवढे तरी शाळेत जरूर सांगा. वात विझलेला फटाका पुन्हा पेटवायचा नाही, वेचायचा नाही, सोलायचा नाही. ज्याच्या अंगणात तो पडला, त्याने त्यावर बादलीभर पाणी ओतायचे, मग झाडायचे. भाजलेच तर भाजलेला भाग लगेच गार वाहत्या पाण्याखाली धरायचा, चांगली वीस मिनिटे. शाई, तूप, टूथपेस्ट, बर्फ यांतले काहीही लावायचे नाही. स्वच्छ कोरड्या फडक्याने सैल झाकून दवाखाना गाठायचा. डोळ्याला लागले तर डोळा चोळायचा नाही. ज्याच्या घराशेजारी कडब्याची गंजी आहे, त्याने तर बाण नि पाऊस यांना दाराशी उभेच करू नये. आणि जनावरे! मेलेल्या माणसाला जागे करील असा तो सुतळी बाँब, त्याच्या आवाजाने गाभण गाय दावे तोडते, कुत्री रानोमाळ पळतात. रानडुकरांना हाकलायला आपणच तो शेतात वापरतो. जनावर त्याला किती भिते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

सरकारने आणि न्यायालयांनी या बाबतीत नियम केले आहेत. फटाका फुटेल तिथून चार मीटरवर १२५ डेसिबलांहून जास्त आवाज नसावा, असा नियम १९९९ पासून आहे. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके वाजवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ठरवले. पुढे २०१८ च्या ऑक्टोबरात त्याच न्यायालयाने दिवाळीला रात्री आठ ते दहा एवढीच वेळ दिली, लांबलचक माळांना आणि हिरवा रंग आणणाऱ्या बेरियमच्या क्षारांना मनाई केली, आणि कमी धुराचे फटाकेच विकावेत असे सांगितले. तसल्या फटाक्यांची कृती बसवण्यात आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेचा मोठा वाटा आहे. त्यांनी धूर कमी होतो, थांबत नाही. आणि तो धूर जातो कुठे? कार्तिकाच्या सुमारास रात्री थंड होतात, जमिनीलगतची हवा जड होऊन खालीच बसते, धूर वर चढत नाही. ज्याला दम्याचा त्रास आहे त्याला विचारा. अल्बेरुणी म्हणाला होता की त्या रात्री हवा स्वच्छ होते! आज तो आला असता तर त्याने ते वाक्य खोडले असते.

पण नुसता कायदा वाचून दाखवल्याने पोरांची समजूत पटत नाही, हा तुमचा अनुभव असेल. शाळांतून प्रतिज्ञा घेतात, मुले एका सुरात म्हणतात, आणि घरी जाऊन वडिलांच्या मागे लागतात. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. आपण त्यांच्याकडून एक वस्तू काढून घेतो आणि हातावर काहीच ठेवत नाही. हातावर ठेवण्याजोगे पुष्कळ आहे, फक्त ते आपणच विसरत चाललो आहोत.

वसुबारसेपासून धरा. सणाची सुरुवातच गाय आणि वासरू यांच्या पूजेने होते, त्या दिवशी पुष्कळ घरांत बायका गाईचे दूधतूप खात नाहीत, ते वासराचे म्हणून. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी दिवा, आणि नैवेद्य कसला, तर धने आणि गूळ. नरकचतुर्दशीला कोकणात नि गोव्यात अंगठ्याखाली कडू कारीट चिरडतात. गोव्यात तर नरकासुराचे मोठमोठे पुतळे रात्रभर मिरवून पहाटे जाळतात. मूळ रात्र जागून पहाटेच्या आंघोळीची आणि पोह्यांची वाट पाहण्याची, पण आता पुतळ्यांच्या स्पर्धा लागतात, कर्णे लागतात, आणि नरकासुर मरतो त्यापेक्षा जगतो जास्त, अशी तिकडचीच जाणती माणसे तक्रार करतात. आपल्या देशावर कितीतरी घरी दारापुढे शेणाच्या गवळणी आणि पांडव मांडतात. विदर्भात पाडव्याला गायगोधन, गोवारी मंडळी ढाल घेऊन नाचतात. कोल्हापुराकडे गवळी आपल्या म्हशी धुऊन, रंगवून, गोंडे बांधून मिरवतात. ज्याच्या घरी म्हैस आहे त्या पोराला या दिवशी कोणत्या रॉकेटची कमी?

आणि पाडवा म्हणजे बलिप्रतिपदा. ओवाळताना म्हातारी माणसे म्हणतात, इडापिडा टळो, बळीचे राज्य येवो. हे म्हणणे शेकडो घरांत आजही निघते, पण बळी कोण, हे नातवंडांना विचारले तर ती गप्प बसतात. वामनाने तीन पावले जमीन मागितली, दोन पावलांत सारे व्यापले आणि तिसरे बळीच्या डोक्यावर ठेवून त्याला पाताळात घातले, ही झाली पुराणातली कथा. गंमत पाहा, घातले त्याच्या राज्याची आठवण कुणी काढत नाही, ज्याला घातले त्याचे राज्य परत येवो म्हणून बायका हजार वर्षे ओवाळीत आहेत. केरळात हाच राजा ओणमला, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, प्रजेला भेटायला येतो. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त या कथेचा वेगळाच अर्थ लावला. बळी हा कष्टकऱ्यांचा राजा, आणि ती ओवाळणी म्हणजे त्यांच्या मनात उरलेली त्याची आठवण. तुम्ही तो अर्थ माना अथवा मानू नका, पण शेतकऱ्याला ‘बळीराजा’ म्हणण्याची आज जी सर्रास पद्धत आहे, तिच्यामागे हे सारे उभे आहे. वर्तमानपत्रे शेतकऱ्याला बळीराजा म्हणतात ते पाऊस पडला म्हणजे. त्याने भाव मागितला की तो पुन्हा शेतकरी होतो, ही गोष्ट निराळी.

तर गुरुजी, बाई, सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्यात एक करून पाहा. फटाक्यांवर निबंध देऊ नका. मुलांना सांगा, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि तीन गोष्टी विचारून वहीत लिहा. तुमच्या लहानपणी दिवाळीचा दिवा कोणत्या तेलाचा होता? पाडव्याला जनावरांचे काय करीत? आणि आत्याला किंवा आजीला माहेरी आणायला मुराळी म्हणून कोण, कशातून गेले होते? किल्ला करणाऱ्या मुलांनी त्यावर अळीव, मोहरी पेरावी, आणि किती दिवसांत उगवली ते लिहावे. शिक्षा म्हणून नव्हे, हौसेने लिहू द्या. शुद्धलेखनाच्या चुका त्यात काढू नका.

सुट्टीनंतर पहिल्या दिवशी या वह्या वाचायला तेवढा वेळ ठेवा. बीडकडच्या आणि तशाच दुसऱ्या गावांतल्या गुरुजींना मात्र थोडा धीर धरावा लागेल. त्यांच्या वर्गातली कितीतरी मुले दसऱ्या-दिवाळीच्या आतबाहेर आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जातात आणि त्यांची दिवाळी कारखान्याच्या फडावर, कोपीच्या दारात होते. त्यांना जाण्याआधीच वही द्या. ती बहुधा फाल्गुन-चैत्रात, गाळप संपल्यावरच तुमच्या हाती येईल.